शाळू लिंबाजीचा, मीठ समुद्राचे

हे लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मी आयुष्यभर महाविद्यालयात भूगोल शिकवला. दुसऱ्यांनी लिहिलेले वाचले, उत्तरपत्रिका तपासल्या. पण स्वतःच्या मनातले चार शब्द कागदावर उतरवून कोणाला दाखवण्याचा धीर कधी झाला नाही. साठी उलटल्यावर तो धीर आला आहे, असेही नव्हे. ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्यांच्या पंगतीला बसलेली माणसे दरवर्षी कमी होत आहेत आणि माझ्याहून बरे लिहिणाऱ्या कोणी अजून लेखणी उचललेली दिसत नाही, एवढेच या आगाऊपणाचे कारण. वाचकांनी ते चालवून घ्यावे.

जालन्याच्या मस्तगड भागात जिजींची खानावळ होती. दारावर पाटी नव्हती. तरी स्टेशनवर उतरलेल्या परक्या माणसाने ‘पुकारावाल्या जिजी’ एवढे विचारले, की टांगेवाला त्याला बरोबर दारात आणून सोडी. हे नाव त्यांना पडले त्याचे कारण असे, की जिजींच्या हातून ताटात पडणारा कोणताही पदार्थ मुकाट पडत नसे. तो ज्याच्या शेतात पिकला त्याचे नाव मोठ्याने घेऊनच त्या वाढत. भाकरीची टोपली कडेवर घेऊन त्या पंगतीच्या टोकाला उभ्या राहत आणि कोर्टातल्या शिपायाने पक्षकाराला हाक मारावी तशी हाक देत: “शाळू लिंबाजीचा, पिंपळखेड्याचा!” मागून भाजी येई: “मेथी गयाबाईची, आज सकाळची!” मग वरण: “डाळ दौलतरावाची, औंदाच्या तुरीची!” शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. हे आता सांगावे लागते. तेव्हा लागत नसे.

जालना नुकताच स्वतंत्र जिल्हा झाला होता, तेव्हा मी परभणीहून नोकरीसाठी तेथे आले. एकटी, अबोल, आणि स्वयंपाकात अगदीच बेताची. पहिल्या दिवशी खानावळीच्या दारात उभी राहिले तेव्हा ओसरीवर दोन रांगांत हमाल, एस.टी.चे वाहक, कोर्टातले कारकून असे सगळे पुरुषच बसलेले होते. माझा पाय उंबऱ्यातच अडला. जिजींनी आतून एकदा पाहिले आणि म्हणाल्या, “बाई, तुमी आत या. चुलीपाशी बसा. तिथं कुनी तुमच्याकडं बघनार न्हाई, अन् भाकर बी ऊन मिळंल.” त्या दिवसापासून चुलीजवळचा पाट माझा झाला. त्यामुळे पंगतीतल्या लोकांनी जिजींचा आवाज तेवढा ऐकला. मी त्यांचे हात पाहिले. भाकरी थापायला दोन बायका येत, पण पीठ जिजी दुसऱ्या कोणाला मळू देत नसत. डाव्या हाताने परातीत तांब्या रिता करत आणि उजव्या हाताने पीठ ओढत. तांब्यात पाणी किती घेतले हे त्या कधी पाहत नसत.

ही पुकाऱ्याची सवय त्यांनी माहेराहून आणली होती. “टेंभुर्णीला मपला बाप जेवताना इचारायचा, ही भाकर कोन्या वावरातली? सांगता न्हाई आलं, तर दुसरी भाकर मिळत नव्हती,” असे त्या एकदा म्हणाल्या. खानावळीसाठी त्यांनी त्यातूनच एक नियम काढला होता. सकाळी निघालेली बैलगाडी जेवणाच्या वेळेला दारात उभी राहील, तेवढ्याच अंतरातले धान्य, भाजी, तेल, गूळ. “त्याच्या पल्याडचं मला वळखू येत न्हाई. ज्याला वळखत न्हाई त्याला मी घरात काहून घिऊ?”

या नियमाचा जाच सगळ्यांना होई. भात मिळत नसे. त्याऐवजी ज्वारीच्या कण्या. बटाटा जवळपास कोणी लावला तरच. उन्हाळ्यात वाळवलेल्या गवारीच्या शेंगा, सांडगे, येसराची आमटी आणि कारळाची चटणी यांवर दोन महिने काढावे लागत, आणि पंगत कुरकुरत असे. चहा तर चुलीवर चढतच नसे. जिजी स्वतः मात्र दुपारी पदर सावरून समोरच्या टपरीवर जात आणि बशीतून चहा पीत. भुजंगराव नावाचे एस.टी.चे वाहक होते, त्यांना हे दृश्य फार आवडे.

“काय जिजी, तुमचा नेम मोडला की!”

“कुठं मोडला? मी पेते. मपली चूल पेत न्हाई.”

याच भुजंगरावांनी एकदा भर पंगतीत त्यांना अडवले. जिजी पानाच्या कोपऱ्यात मीठ वाढत चालल्या होत्या, गुपचूप. भुजंगराव हात वर करून म्हणाले, “थांबा, थांबा. मिठाचा पुकारा न्हाई झाला. हे कोनाच्या वावरातलं?” पंगत हसली. जिजींनी चिमूट तशीच धरून क्षणभर विचार केला. मग म्हणाल्या, “मीठ समुद्राचं. समुद्र काय जालन्यात न्हाई, म्हनून त्याला माफी.” त्या दिवसापासून मिठालाही पुकारा होऊ लागला. “मीठ समुद्राचं!” म्हटले की सगळी पंगत एका सुरात म्हणे, “त्याला माफी!”

पानात कोणी काही टाकले, तर जिजी रागावत नसत. शेजारी येऊन बसत आणि हळू आवाजात विचारत, “बरं, मंग गयाबाईला काय सांगू मी?” गयाबाई कुंडलिकेच्या काठी भाजी करीत आणि रोज सकाळी डोक्यावर पाटी घेऊन स्वतः येत. त्यांच्या नाकातली मोरणी, त्यांचे ओले पाय सगळ्यांच्या ओळखीचे होते. नाव ऐकल्यावर टाकलेला घास बहुतेक जण उचलून खात.

त्यांची आणखी एक रीत होती. धान्य घेऊन आलेली गाडी त्या रिकामी परत जाऊ देत नसत. चुलीची राख पोत्यात भरून ठेवलेली असे. ती कडधान्य साठवताना मिसळायला आणि भाजीच्या पानांवर टाकायला उपयोगी पडे. भाज्यांची देठे, डाळीचा कोंडा, उष्टे बैलांसाठी वेगळे. पळसाच्या पत्रावळीसुद्धा उकिरड्यात कुजवायला गाडीतच चढत. एवढ्या माणसांची खानावळ, पण तिच्या दारात कधी कचरा म्हणून दिसला नाही. मला वाटे, हा काटकसरी स्वभाव. एकदा तसे बोलूनही दाखवले. जिजी म्हणाल्या, “काटकसर न्हाई, बाई. त्याच्या वावराचं म्या खाल्लं. मंग वावरानं काय खावं?” पिंपळखेड्याच्या लिंबाजींच्या शेतात शाळू निघाल्यावर धनगरांच्या मेंढ्या बसत, त्यांच्या लेंड्यांचे शेताला खत होई, धनगराला त्याबदल्यात शाळू मिळे, शाळूचा कडबा बैल खात, आणि तेच बैल शाळूची पोती ओढत मस्तगडला येत. हा फेरा मी वर्गात फळ्यावर काढून दाखवी. दारात मात्र तो घुंगरांचा आवाज करीत येऊन उभा राही.

लिंबाजी शाळूवाले. उंच, वाकलेले, बोलायला माझ्यासारखेच कच्चे. पोती उतरवून झाली की ते पंगतीत बसत. त्या दिवशी पहिली भाकरी त्यांच्या पानात पडे आणि त्यांचेच नाव त्यांना ऐकवले जाई. तेव्हा ते मान खाली घालत, पण त्यांचे कान लाल होत. पंगतीतल्या लोकांना त्यांचे फार अप्रूप होते. रोज ज्याचे नाव ऐकून घास मोडायचा, तो माणूस प्रत्यक्ष शेजारी बसून जेवतो आहे, याचे. एकदा त्यांच्या पत्नी सुंदराबाई बाळंतपणात फार अडल्या आणि त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात आणले. रक्त हवे होते. लिंबाजी व्हरांड्यात नुसते उभे होते. या गावात कोणाला काय म्हणावे हे त्यांना सुचत नव्हते. तेवढ्यात कोणा पेशंटला डबा द्यायला आलेल्या हमालाने त्यांना ओळखले. “तुमी पिंपळखेड्याचे लिंबाजी ना? शाळूवाले?” तासाभरात खानावळीतली पाच-सहा माणसे तेथे हजर झाली. रक्त जुळले ते भुजंगरावांचे. सुंदराबाई वाचल्या, मूल वाचले नाही. लिंबाजी भुजंगरावांच्या पाया पडू लागले, तेव्हा ते मागे सरकून म्हणाले, “अरे बाबा, ऊठ. ते रक्त काय मपलं व्हतं? तुह्याच शाळूचं व्हतं. तुहं तुला वापस केलं.”

मला हा प्रसंग आठवला की त्या काळाविषयी हळहळ वाटते. पण मी तेथेच थांबले, तर ते खरे चित्र होणार नाही.

नावे एकदम गेली नाहीत. एकेक करून गेली. प्रथम दौलतरावांनी तूर सोडून मोसंबीची बाग लावली. मग कुंडलिकेचे पाणी काळे पडू लागले आणि काठावरच्या जमिनीवर प्लॉट पडले. गयाबाईंचा वाफा त्यातच गेला. शेवटच्या दिवशी त्या पाटी न घेता आल्या, पंगतीत बसून जेवल्या आणि “उद्यापासून मपलं नाव घिऊ नका, जिजी,” एवढे सांगून गेल्या. त्यानंतर भाजी कुठून तरी ट्रकने येई, प्लास्टिकच्या पोत्यांत, दमट वासाची. जिजींनी ती घेतली, कारण पंगत उपाशी ठेवता येत नव्हती. पण पुकारा केला नाही. ज्याचे नाव ठाऊक नाही ते त्या मुकाट वाढत. नावाच्या जागी खोटे काही बोलत नसत. हळूहळू डाळ मुकी झाली, भाजी मुकी झाली, तेल, गूळ, मिरची, सगळे. शेवटी ताटात दोनच गोष्टी बोलक्या उरल्या: लिंबाजींचा शाळू आणि समुद्राचे मीठ.

“एक नाव हाय तवर ही खानावळ हाय,” जिजी म्हणत. “तेबी गेलं की मंग हे हॉटेल झालं.”

आणि लिंबाजींचा शाळू अडचणीत होता. पाऊस, पैसा ही कारणे मागे होतीच. पण जे घडले ते मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते. पिंपळखेड्याच्या शिवारात सगळ्यांनी कपाशी धरली. एकटे लिंबाजी शाळू पेरत राहिले. पूर्वी थंडीत येणारी पाखरे गावभरच्या शाळूवर वाटली जात. ज्याच्या त्याच्या वाट्याला थोडे नुकसान येई. आता सगळ्या शिवारात कणीस एकाच शेतात होते. भोरड्यांचे थवेच्या थवे येऊन त्या एका शेतावर उतरत. नवरा-बायको दोघे पहाटेपासून मचाणावर उभे राहत, गोफण फिरवून लिंबाजींचा खांदा सुजला. तरी दाणा भरेपर्यंत निम्मी कणसे रिकामी. “पाखराची काय चूक हाय?” ते जिजींना सांगत होते. “त्याला बी दुसरं घर न्हाई राह्यलं.”

त्या वर्षी एक गोष्ट झाली. रविवारी भुजंगरावांनी पंगतीत उभे राहून जाहीर केले की उद्यापासून ज्याला सुटी असेल त्याने पिंपळखेड्याला राखणीला जायचे. हसण्यावारी गेले असे वाटले. पण लोक गेले. हमाल गेले, कारकून गेले. एका सुटीच्या दिवशी जिजींनी मलाही गाडीत बसवले. माझ्या हातात तेलाचा रिकामा डबा आणि एक काठी देण्यात आली. शेताच्या कोपऱ्यावर उभे राहून डबा बडवायचा आणि ओरडायचे. डबा मी वाजवला. ओरडणे काही जमले नाही. पलीकडच्या कोपऱ्यावरून जिजींचा आवाज मात्र शिवारभर घुमत होता. त्या पाखरांनाही पुकारा करीत होत्या: “अगं ए, शाळू लिंबाजीचा हाय! तुमच्या बापाचा न्हाई!” दुपारी बांधावर बसून आम्ही हुरडा खाल्ला. जिजींनी शाळूची चार ताटे कणसांसकट मुद्दाम तशीच उभी ठेवायला लावली. “तेवढं त्यांचं. तेबी आपल्याच पंगतीतले.” लिंबाजींना इतके हसताना मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही नाही.

पण राखण म्हणजे एका सुटीचे काम नव्हे. दोन महिने, रोज, उजाडल्यापासून दिवस बुडेपर्यंत. पुढच्या वर्षी निम्मेच लोक गेले, त्याच्या पुढच्या वर्षी भुजंगराव एकटे. त्यांचीही बदली झाली. पोती कमी येऊ लागली. गाडी कमी येऊ लागली, तशी राख साठू लागली. मग एके दिवशी जिजींच्या दारासमोर, नाल्याच्या कडेला, राखेचा, सालपटांचा आणि प्लास्टिकचा पहिला ढीग दिसला. त्यातले प्लास्टिक त्या हाताने वेगळे काढू लागल्या. “बाई,” म्हणाल्या, “मपल्या हातून घान झाली.”

आता त्या दिवसाविषयी. उन्हाळा तोंडावर होता. आधीची पोती संपली होती आणि चार-पाच दिवस पंगतीला नुसतीच मुकी भाकरी वाढली जात होती. सकाळी लिंबाजींची गाडी आली. जिजी इतक्या आनंदल्या, की पोते उतरताच त्यातले पायलीभर धान्य त्यांनी ताबडतोब गिरणीवर पाठवले. निवृत्तीनंतर जालन्याला परतलेले भुजंगराव बरोबर त्याच दिवशी जेवायला आले होते. “शाळूचे मालक खुद बसलेत आज,” ओसरीवरून त्यांचा आवाज आला. “जल्दी येऊ द्या!”

मी चुलीजवळच्या पाटावर होते. जिजींनी परातीत पीठ घेतले, नेहमीप्रमाणे तांब्या रिता केला, पीठ ओढले, आणि हात थांबवला. पीठ बोटांना चिकटून सैल पसरत होते. त्यांनी आणखी मूठभर पीठ घातले. पुन्हा मळले. पुन्हा थांबल्या. मग पिठाचा गोळा नाकाशी नेला आणि अगदी हळू, मला ऐकू येईल एवढेच म्हणाल्या, “हे दुसरंच पानी मागून राह्यलंय, बाई.”

मला समजले नाही. त्यांनी उठून पोत्यात हात घातला, ओंजळभर दाणे खिडकीच्या उजेडात नेले. “हे मोंढ्यातलं हाय. ट्रकचं.” आणि मग, दाणे पोत्यात परत सोडत, “त्याचं आलंच न्हाई जनू औंदा.”

म्हणजे लिंबाजींनी जालन्याच्याच बाजारातून ज्वारी विकत घेतली होती आणि ती आपली म्हणून जिजींच्या दारात आणून उतरवली होती. त्यात त्यांचा फायदा काहीच नव्हता, तोटाच होता. ताटातले शेवटचे नाव आपले आहे, हे त्यांना ठाऊक होते; ते आपल्यामुळे बंद पडावे, हे त्यांना सोसवले नसावे.

भाकरी झाल्या. जिजींनी टोपली कडेवर घेतली आणि त्या ओसरीवर गेल्या. मी दाराच्या आडून पाहत होते. पहिले पान लिंबाजींचे. जिजी त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. पंगत वाट पाहत होती. चार-पाच दिवसांनंतरचा पुकारा ऐकायला सगळे हसऱ्या तोंडांनी वर पाहत होते. जिजींचे ओठ उघडले, मिटले.

“करा की पुकारा!” भुजंगराव म्हणाले. “आवाज बसला का काय?”

जिजी म्हणाल्या, “शाळू... लिंबाजीनं आणलाय. जेवा.”

आणि त्यांनी भाकरी वाढली. पंगतीला काही जाणवले नाही; लोक जेवू लागले. लिंबाजींचा हात मात्र पानावर तसाच थांबला. त्यांनी वर पाहिले नाही. मग ती भाकरी त्यांनी सबंध खाल्ली, पानातला कणही राहू दिला नाही, हात धुतले आणि आत दाराशी आले.

“येतो, जिजी.”

“राख भरून ठिवलीय, लिंबाजी. गाडीत घालते.”

“राहू द्या. गाडी मपली न्हाई. बैल दिवाळीलाच इकले.”

लिंबाजी उंबरा ओलांडून गेले. ते परत कधी आले नाहीत.

त्या संध्याकाळी चूल विझल्यावर जिजी माझ्याजवळ येऊन बसल्या. “म्या वंगाळ बोलले का, बाई? खोटं बोलले असते तर तो पुन्यांदा आला असता.” चुलीतली राख त्या काडीने सारखी करीत होत्या. “खरं राखाया गेले, अन् मानूस गेला,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून पुकारा बंद झाला. मिठाचाही. पंगतीतून एक-दोनदा कोणी “त्याला माफी!” म्हणून पाहिले, मग तेही थांबले.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात सुंदराबाई आल्या. कपाळ मोकळे होते. ओसरीवर न बसता सरळ आत आल्या आणि जिजींच्या पुढ्यात पदरातले एक लहान गाठोडे सोडले. लिंबाजींना कावीळ झाली होती; महिनाभर अंगावर काढली आणि गेले.

“औंदा त्यांनी बी कपाशीच लावली,” सुंदराबाई सांगत होत्या. “पर मधात चार वळी शाळू पेरला व्हता. म्हनले, चौमेर कपाशी आसंल तर पाखराला दिसनार न्हाई.” त्या थोडे हसल्या. “पाखराला दिसला की हो. पर एवढा राह्यला. म्हनले व्हते, हा जिजीला नेऊन देतो, अन् मंग पंगतीला बसतो. त्याच्या आधी बसायचं त्वांड न्हाई मला.”

गाठोड्यात पायलीभरसुद्धा नव्हता. तेवढ्यासाठी गिरणी कशाला, म्हणून जिजींनी अडगळीतले जाते काढले आणि दोघी समोरासमोर बसून दळू लागल्या. मग जिजींनी परात घेतली, तांब्या रिता केला, पीठ ओढले. गोळा एका हाताने वळला गेला, परातीला पिठाचा कण चिकटला नाही. “वळखीचं हाय,” एवढेच त्या म्हणाल्या.

भाकरी थोड्याच झाल्या. प्रत्येकाला चतकोर आली असती. जिजींनी टोपली कडेवर घेतली, पदर डोक्यावर ओढला आणि ओसरीवर गेल्या. पंगत आता बदललेली होती. जुने हमाल, कारकून पांगले होते. एकटे भुजंगराव कोपऱ्यात बसलेले होते. बाकी सगळी नवी मुले, कारखान्यांत, दुकानांत कामाला आलेली, गावोगावची. जिजींनी श्वास घेतला आणि वर्षभराने त्यांचा तो आवाज पुन्हा उठला:

“शाळू लिंबाजीचा! पिंपळखेड्याचा!”

मुले दचकली. एक जण दुसऱ्याकडे पाहून हसला. मग जिजींच्या अगदी समोर बसलेल्या, नीट भांग पाडलेल्या एका मुलाने, कोणतीही थट्टा न करता, खऱ्या कुतूहलाने विचारले, “मावशी, लिंबाजी म्हणजे कोणता ब्रँड? आपल्या दुकानात भेटतो का?”

भुजंगरावांनी मान खाली घातली. आत जात्यापाशी बसलेल्या सुंदराबाईंनी पदर तोंडावर घेतला.

जिजींनी त्या मुलाच्या पानात चतकोर भाकरी ठेवली. “भेटायचा, बाळा,” त्या म्हणाल्या. “आता बंद पडला.”

आणि टोपली घेऊन त्या पुढच्या पानाकडे गेल्या.

खानावळ त्यानंतर सहा-सात महिनेच चालली. जिजी टेंभुर्णीला भावाकडे निघाल्या, तेव्हा मी त्यांना एस.टी. स्टँडवर पोहोचवायला गेले. बसला वेळ होता म्हणून चहा घेतला. त्यांनी तो बशीत ओतला, फुंकर घातली, आणि बशी ओठाशी नेता नेता म्हणाल्या, “बाई, कुनाला तरी इचारा हो, ह्यो चहा कुठं पिकतो. तुमी भूगोल शिकवता.” मी त्यांना आसाम सांगितले, निलगिरी सांगितली. त्यांनी मान हलवली. “गाव न्हाई इचारलं. मानूस इचारला.” बस लागली. खिडकीतून त्यांनी हात बाहेर काढला. तो मी धरला तेव्हा त्याच्या रेषांत पीठ असेल असे मला उगीचच वाटले. नव्हते. दोन वर्षांनी भुजंगराव घरी येऊन सांगून गेले, की जिजी वारल्या.

आता मी एकटीच राहते आणि माझ्यापुरते शिजवून घेते. रोज ताट वाढून घेतले की मनाशी एकदा पुकारा करून पाहते. मोठ्याने नाही, ते मला पिंपळखेड्याच्या शेतातही जमले नव्हते. पिठाच्या पिशवीवर कारखान्याचे नाव असते, शेतकऱ्याचे नसते. भाजीवाल्याला विचारले तर तो म्हणतो, “वरून आली, मॅडम.” वरून म्हणजे कोठून, ते त्यालाही माहीत नसते. डाळ, तेल, गूळ, सगळे मुके. शेवटी चिमूटभर मीठ उरते. तेवढे मात्र मी नाव घेऊन वाढते: मीठ समुद्राचे. ज्याला जिजींनी माफी दिली होती, त्याचेच एक नाव मला घेता येते.

वाचकहो, आज जेवताना तुमच्या ताटात मिठाखेरीज आणखी कशाचे नाव तुम्हांला घेता आले?